तिसरीच्या वर्गात डॉक्टर मोंतेक्लारो

३ जून, रविवार

उद्यापासून शाळा. खरी शाळा. लहान मुलांची.

इतकी वर्षं इलोइलो शहरातल्या कॉलेजात, उद्या शिक्षक होणाऱ्यांना कसं शिकवावं ते शिकवतोय. 'सिद्धांत आणि वर्ग यांच्यातला पूल' हा माझा खास विषय. त्यावर पेपर आहेत, एक पुस्तिका आहे, सेमिनार तर विचारूच नका. आता तो पूल स्वतः चालून दाखवायचा. शिक्षण खात्याची नवी योजना आली आहे. प्राध्यापकांनी अर्धं वर्ष सरकारी प्राथमिक शाळेत प्रत्यक्ष वर्ग घ्यावा. मीटिंगमध्ये हे वाचून दाखवलं तेव्हा सगळं डिपार्टमेंट टेबलाखाली काहीतरी शोधायला लागलं. मी हात वर केला.

डीनची जागा डिसेंबरात रिकामी होते आहे. त्याचा याच्याशी काही संबंध नाही.

निश्चय: तासाला पाच मिनिटांच्या वर बोलणार नाही. घोकंपट्टी बंद. मुलं प्रश्न विचारतील, एकमेकांकडून शिकतील, मी फक्त बाजूला उभा राहून वातावरण तयार करीन. आणि रोज ही रोजनिशी.

विसिंग म्हणाली, अहो डॉक्टर, आपल्या पोरांना तुम्ही शिकवायला बसलात की पाच मिनिटांत कोणीतरी रडायचं, आणि पुष्कळदा ते तुम्हीच असायचात. म्हटलं, ते घरगुती वातावरण होतं. तिथे शास्त्रीय परिस्थिती नव्हती. नवऱ्याच्या विषयात बायकांना रस नसतो हेच खरं.

४ जून, सोमवार

जीपनीतून उतरल्यावर वाडीपर्यंत पायी. डाव्या हाताला समुद्र, उजव्या हाताला बांबूच्या ताट्यांवर वाळत घातलेले मासे. नवे बूट गेले.

हेडमास्तर नोब्ले सरांनी झेंडावंदनानंतर शिंपल्यांचा हार घातला आणि कानात विचारलं की खात्यात छपराचं काम कोण बघतं, ओळख आहे का. म्हटलं, मी शैक्षणिक बाजूचा माणूस. चेहरा पडला त्यांचा.

मला दिलेला वर्ग तिसरी, सांपागीता तुकडी. वर्गशिक्षिका फावलान मॅडम. पन्नाशीच्या, बारीक, केसांचा घट्ट अंबाडा, हातात बांबूची छडी. मी व्हरांड्यातून येतानाच ऐकू येत होतं: मा मे मी मो मु! बा बे बी बो बु! पन्नासेक पोरं बेंबीच्या देठापासून. मॅडम छडी कार्डांवर टेकवत पुढे सरकतायत. माझ्या लेक्चरमध्ये 'काय करू नये' नावाची एक स्लाइड आहे. ती स्लाइड जिवंत होऊन समोर उभी होती.

हात वर करून थांबवलं. मॅडमनी विचारलं, सर, थांबवू म्हणजे आजच्यापुरतं की कायमचं?

म्हटलं, कायमचं.

पोरांनी टाळ्या वाजवल्या. पहिल्याच तासाला पहिलं यश.

नंतर मी कमी का बोलणार आहे हे मुलांना समजावून सांगितलं. ते सांगता सांगता जेवणाची घंटा झाली. पायाभरणीला वेळ लागतोच.

११ जून, सोमवार

बाकांच्या रांगा मोडून वर्तुळं केली. वर्तुळात सगळे समान. वर्ग लहान आहे, त्यामुळे एक वर्तुळ दाराला लागलं आणि दार उघडेना. मुलं लघवीला खिडकीतून जा-ये करत होती. वर्गातली हालचाल लक्षणीय वाढली, हे नोंदवून ठेवलं.

फावलान मॅडम म्हणाल्या, सर, अर्ध्या पोरांची पाठ फळ्याकडे आली की.

म्हटलं, मॅडम, फळा हे सत्तेचं केंद्र आहे.

म्हणाल्या, असेल. पण आजची तारीख त्याच्यावर असते.

विरोध अपेक्षित आहे. जुन्या शिक्षकांचा विरोध हा माझ्या पुस्तिकेतला दुसरा धडा.

२० जून, बुधवार

आज 'विचाराला वेळ देणे'. संशोधन सांगतं की प्रश्न विचारल्यावर शिक्षक घाईघाईत स्वतःच उत्तर देऊन टाकतो. थांबायला हवं. शांततेत मूल विचार करतं.

प्रश्न विचारला: समुद्र आपल्याला काय देतो?

थांबलो. मुलंही थांबली. मी हसरा चेहरा ठेवला. बरंच थांबलो. शेजारच्या वर्गातली कविता संपून दुसरी सुरू झाली. एक मुलगी उठली, बाहेर गेली आणि माझ्यासाठी पाण्याचा पेला घेऊन आली. मागून कोणीतरी कुजबुजलं, सरांना चक्कर येतेय वाटतं. मग सगळा वर्ग काळजीने माझ्याकडे बघायला लागला.

सहानुभूतीचा विकास झाला. याची अपेक्षाच नव्हती.

माझी प्रश्नांची कार्डं शहरी बोलीत आहेत. इथल्या पोरांची बोली किनाऱ्याची. एका शब्दाला वर्ग हसून लोळला. इथे त्याचा अर्थ काय होतो ते विचारलं, तर नोब्ले सर लाल झाले आणि छपराबद्दल बोलायला लागले.

६ जुलै, शुक्रवार

महत्त्वाचा दिवस. शाळा सुटल्यावर बदामाच्या झाडाखाली फावलान मॅडम माझ्याशेजारी येऊन बसल्या. आजवर त्या मागच्या बाकावर बसून माझा तास बघायच्या आणि मधल्या सुट्टीत शिक्षकांच्या खोलीत लोंगानिसा विकायच्या. मला वाटायचं, बाईंचं लक्ष सॉसेजमध्ये.

त्या म्हणाल्या, सर, इतक्या वर्षांत माझ्या डोक्यावरून किती पद्धती गेल्या सांगू? दर तीन-चार वर्षांनी वरून एक येते. दोन दिवस सेमिनार, जेवायला पान्सितच्या शेवया, प्रमाणपत्र, ग्रुप फोटो. साहेब गाडीत बसतो आणि जातो. आम्ही महिनाभर भिंतीवर तक्ते लावतो, मग ते वाळवी खाते. मी ऐकणंच सोडून दिलं होतं. पण राहिलं कोणी नव्हतं, सर. तुम्ही राहिलात. रोज बूट भिजवत येता. माणूस एवढं करतो म्हणजे त्यात काहीतरी असणार.

मग म्हणाल्या, मला नीट शिकवा. मी मनापासून करीन.

माझ्या आयुष्यात आजवर कोणी असं म्हटलेलं नाही. कॉलेजातली मुलं फक्त परीक्षेत काय येणार एवढंच विचारतात.

त्यांनी अक्षरांची कार्डं रबरबँड लावून कपाटावर टाकली. माझ्यासमोर.

विसिंगला सांगितलं. ती म्हणाली, बिचारी. हा काय शेरा झाला?

१७ जुलै, मंगळवार

मॅडमनी कमाल केली आहे. तांदळाची पोती कापून वाचनकोपऱ्यासाठी गाद्या शिवल्या. शिंपले, बिया, जाळ्याचे तुकडे आणून 'शोधपेट्या' केल्या. लोंगानिसा बंद. वेळ मिळत नाही म्हणाल्या.

वर्गात एक मुलगी आहे, रोविलिन. तिसरीत दुसऱ्यांदा बसली आहे. त्या दिवशी माझ्यासाठी पाणी आणणारी ती हीच. पहाटे आईबरोबर मासे चिरून, ताट्यांवर पसरून मग शाळेत येते, त्यामुळे तिच्या बोटांना कायम चिरा. मॅडम सांगत होत्या की गेल्या वर्षी सुट्टीत थांबवून थांबवून तिला 'म'च्या ओळीपर्यंत आणलं होतं. मे महिन्यात तिने दुकानावरच्या पाटीतला 'मो' ओळखला आणि आईला दाखवायला धावत गेली होती. ओळ सुटली तर पुन्हा विसरेल का, सर, असं विचारत होत्या.

मी समजावलं. सुटी अक्षरं म्हणजे मेलेले तुकडे. मूल अर्थाकडून वाचनाकडे येतं. तिच्याभोवती पुस्तकं ठेवा, ती आपोआप उमलेल.

आपोआप, मॅडमनी पुन्हा म्हणून पाहिलं. जसं नवीन भाजीचं नाव म्हणून बघावं.

रोविलिनला गादीवर पुस्तक घेऊन बसवलं. ती चित्रं बघत झोपून गेली. पहाटे उठते बिचारी. पुस्तकाशी जवळीक निर्माण झाली, एवढं नक्की.

२ ऑगस्ट, गुरुवार

कॉलेजात गेलो होतो. डिपार्टमेंटमधल्या एका तरुण प्राध्यापकाने एक लेख हातात ठेवला. परदेशातला. शेकडो अभ्यास एकत्र करून तपासलेले. म्हणे, सर, तुमच्याच विषयावर आहे, तुम्हाला उपयोगी पडेल. सुरुवातीच्या वाचकांना अक्षरांचे आवाज क्रमाने, पद्धतशीर शिकवावे लागतात असं त्यात निघालंय. विशेषतः ज्यांच्या घरी पुस्तकं नाहीत त्यांना.

सारांश वाचला. पुढचं वाचायला सवड झाली नाही. तिकडची मुलं वेगळी, हवा वेगळी. आपल्या मातीत ते लागू पडेलच असं नाही. शिवाय लेखकांपैकी एकही जण जीपनीत बसलेला दिसत नाही.

लेख पिशवीच्या तळाशी ठेवला. पावसाने भिजून लगदा झाला. मी काही मुद्दाम भिजवला नाही.

फावलान मॅडमना याबद्दल बोलण्याची गरज वाटली नाही. आत्ता कुठे त्यांची श्रद्धा बसते आहे.

१५ ऑगस्ट, बुधवार

कॉलेजचं काम वाढलंय. डीनच्या निवडीसाठी लोकांना भेटावं लागतं. या आठवड्यात शाळेत एकदाच गेलो. बाकीचे दिवस मॅडम सांभाळतात. एका परीने हेच तर हवं होतं. बाहेरच्या माणसाने हळूहळू मागे सरकायचं आणि पद्धत तिथे रुजायची. याला शास्त्रात नाव आहे.

गेलो तेव्हा छपरातून तीन ठिकाणी गळत होतं आणि पोरं कोरड्या भागात दाटीवाटीने बसली होती. वर्तुळ आपोआप तयार झालं होतं.

मॅडमनी हसून स्वागत केलं. हसणं थोडं ओढलेलं वाटलं. विचारलं, सर, तुम्ही उद्या येणार ना? म्हटलं, प्रयत्न करतो. त्या म्हणाल्या, नाही, मला विचारायचं होतं की शोधपेटी झाली, चित्रं झाली, गप्पा झाल्या, मग वाचन नेमकं कुठल्या दिवशी सुरू होतं?

म्हटलं, मॅडम, ते सुरू झालेलंच आहे. आपल्याला दिसत नाही इतकंच.

त्यांनी वळून वर्गाकडे पाहिलं.

७ सप्टेंबर, शुक्रवार

फावलान मॅडमनी मला न विचारता एक गोष्ट केली. एकेका मुलाला झाडाखाली बोलावून वाचून घेतलं. हे मूल्यमापन माझ्या आराखड्यात नव्हतं.

जी पोरं गेल्या वर्षी अडखळत का होईना वाचायची, ती आता चित्र बघून अंदाज करतात. 'होडी' लिहिलेलं असेल तर 'समुद्र' म्हणतात, 'कुत्रा' असेल तर 'मांजर'. ज्यांच्या घरी मोठी बहीण शिकवते ती पुढे गेली आहेत. बाकीची मागे. रोविलिनला 'म'चं अक्षर, M, दाखवलं तर ती म्हणाली, हा तो डोंगरासारखा, नाव विसरले.

मी मॅडमना धीर दिला. सांगितलं की कुठलीही नवी पद्धत आणली की आलेख आधी खाली जातो, मग वर येतो. संशोधनात याची नोंद आहे. घाबरून मध्येच सोडायचं नसतं.

त्या म्हणाल्या, कुठवर बुडायचं, सर? माझ्याकडे ही पोरं मार्चपर्यंतच आहेत.

मी आकृती काढून दाखवली. खाली जाणारी रेघ, मग वर जाणारी. खालच्या टोकाला बोट ठेवून म्हटलं, आपण इथे आहोत.

म्हणाल्या, हे कोणी ठरवलं, की आपण इथे आहोत?

काही प्रश्नांची उत्तरं द्यायची नसतात. मीच तसं शिकवतो.

घरी येऊन जेवण गेलं नाही. पित्त असावं.

१३ सप्टेंबर, गुरुवार

सोमवारी आनंदाची बातमी आली! खात्याचे अधिकारी आणि सगळ्या तालुक्यातले हेडमास्तर माझा पाठ बघायला येणार. नोब्ले सरांनी फाटकावर लावायला मोठा टार्पोलिन बॅनर छापून आणला. त्यावर माझा चेहरा रोविलिनएवढा. खाली बारीक अक्षरात शाळेचं नाव. मॅडमचं नाव राहिलं. जागा नव्हती.

नोब्ले सर म्हणाले, साहेबांना छपराखाली नेमकं गळतं तिथे बसवतो.

पाठाची रंगीत तालीम घ्यायची नाही असं मी नेहमी शिकवतो. ही तालीम नाही. मुलांना परिस्थितीचा परिचय करून देतोय. कोणी उत्स्फूर्त प्रश्न कधी विचारायचा, एवढंच ठरवलं.

शेवटी एका मुलाने पान मोठ्याने वाचून दाखवायचं. कोण वाचेल? हुशार मूल घेतलं तर लोक म्हणतात, ते वाचतंच. म्हटलं, रोविलिन. दुसऱ्यांदा तिसरीत बसलेली मुलगी वाचते, यासारखा पुरावा नाही.

मॅडम म्हणाल्या, सर, तिला नका उभं करू.

म्हटलं, मॅडम, तुमचाच तिच्यावर विश्वास नाही, हाच तर प्रश्न आहे.

रोविलिनला मात्र इतका आनंद झाला की तिने दोन्ही हातांनी तोंड झाकलं. तिला पान रोज वाचून दाखवतोय. चार दिवस सलग शाळेत आलो. सरांना रजा नाही का, असं एका पोराने विचारलं.

२० सप्टेंबर, गुरुवार

देदीप्यमान!

सगळं जमून आलं. वर्तुळं, शोधपेट्या, उत्स्फूर्त प्रश्न. एका मुलाने आपला प्रश्न आधीच विचारून टाकला, मी प्रश्न विचारायच्याही आधी. अधिकाऱ्यांना ते फार भावलं. म्हणाले, बघा, मुलं किती आतुर आहेत. पाऊस पडला नाही, त्यामुळे नोब्ले सर हिरमुसले होते.

मग रोविलिन उभी राहिली. धुतलेला फ्रॉक, केसांना लाल फीत. आई दाराबाहेर उभी, हाताला माशांचा वास येतो म्हणून आत यायला तयार नव्हती. रोविलिनने पुस्तक उघडलं आणि गोष्ट सुरू केली. एकही चूक नाही. विराम, स्वरांचे चढउतार सगळं माझ्यासारखं. अगदी माझ्यासारखं, दुसऱ्या वाक्यानंतर मी घसा खाकरतो तोसुद्धा खाकरून दाखवला.

पुस्तक चुकीच्या पानावर उघडलेलं होतं. गोष्ट मासेमारीची, समोर चित्र गाईचं. मला जवळून दिसलं. लांबून कोणाला दिसलं नसावं. पान चुकीचं, पण वाचन निर्दोष. स्मरणशक्ती हाही भाषाविकासाचाच भाग आहे.

टाळ्या. उभं राहून. तिची आई रडत होती. मागच्या बाकावर फावलान मॅडमही रडत होत्या. मला भरून आलं.

अधिकाऱ्यांनी तिथल्या तिथे जाहीर केलं: जानेवारीपासून ही पद्धत तालुक्यातल्या सगळ्या शाळांत.

नंतर पान्सित आणि तांदळाचे गोड पुतो. दोनदा घेतलं.

२१ सप्टेंबर, शुक्रवार

मॅडम आनंदाने रडत नव्हत्या.

शाळा सुटायची वाट न बघता व्हरांड्यातच गाठलं त्यांनी मला. म्हणाल्या, सर, तिला एक अक्षर येत नाही आणि आता सगळ्या वाडीला वाटतं की तिला वाचता येतं. तिच्या आईने काल शेजाऱ्यांना भात घातला. आता ती कोणाला विचारणार, हे काय लिहिलंय म्हणून? विचारायची लाज वाटणार तिला. मी कार्डं खाली काढते. अजून वेळ आहे. रोज सुट्टीनंतर थांबवते. मला काढू द्या.

मी शांतपणे समजावलं. काल आदेश निघालाय. सगळा तालुका या वर्गाकडे बघायला येणार. आणि ज्या वर्गातून सुरुवात झाली तिथेच जर मा-मे-मी-मो-मु ऐकू आलं, तर काय दिसेल ते? थोडे दिवस. निदान डिसेंबरपर्यंत.

त्या म्हणाल्या, तुम्ही राहिलात म्हणून मी ऐकलं होतं.

नोब्ले सरही बोलले त्यांच्याशी. छपराचा अर्ज अखेर पुढे सरकला आहे, आता काही बिघडवू नका, म्हणाले.

मॅडम हो म्हणाल्या. इतक्या पटकन म्हणाल्या की मला जरा चुकल्यासारखं झालं. पण संवादातून मार्ग निघतो, हे सिद्ध झालं.

२० ऑक्टोबर, शनिवार

सेबूची परिषद. माझा पेपर: 'पूल ओलांडताना: किनाऱ्यावरच्या एका वर्गाची कहाणी'. सभागृह भरलेलं. रोविलिनच्या वाचनाची चित्रफीत दाखवली, पुस्तकाकडची बाजू थोडी कापून. गोष्ट संपली तेव्हा पुढच्या रांगेतल्या दोन बाया डोळे पुसत होत्या.

प्रश्नोत्तरांत एका तरुणीने विचारलं, वर्गातल्या बाकीच्या मुलांचं वाचन आधी आणि नंतर मोजलं का? मी म्हटलं, फार सुंदर प्रश्न आहे. मग वेळ संपेपर्यंत बोललो.

रात्री लेचोन, अख्खं भाजलेलं डुक्कर. कुरकुरीत कातडं वाट्याला आलं. प्रकाशकाने पुस्तकाबद्दल विचारलं. मुखपृष्ठावर लाल फीत लावलेल्या त्या मुलीचाच फोटो हवा, म्हणाला.

५ नोव्हेंबर, सोमवार

बऱ्याच दिवसांनी शाळेत. सुखद धक्का!

फावलान मॅडम पूर्ण बदलल्या आहेत. वर्तुळं चोख. हसरा चेहरा. माझ्याबरोबर दुसऱ्या शाळांचे शिक्षक पाहायला आले होते, त्यांना त्या सांगत होत्या: मूल अर्थाकडून वाचनाकडे येतं. सुटी अक्षरं म्हणजे मेलेले तुकडे. आलेख आधी खाली जातो, मग वर येतो. शब्दन् शब्द माझा. अडखळणं नाही, स्वतःचं काही घालणं नाही. एका शिक्षिकेने विचारलं, पण मॅडम, ज्याला अक्षरच येत नाही त्याचं काय करायचं? मॅडम हसून म्हणाल्या, ते सुरू झालेलंच असतं, आपल्याला दिसत नाही इतकंच.

मी बाजूला घेऊन म्हटलं, मॅडम, तुम्ही हे सगळं आत्मसात केलंत. त्या म्हणाल्या, हो सर. आणि मग, लोंगानिसा हवी का सर, आजची ताजी आहे. पुन्हा सुरू केलंय त्यांनी.

सिद्धांत वर्गात इतका पूर्ण उतरलेला मी कधी पाहिला नव्हता. मग परतताना जीपनीत एवढं उदास का वाटत होतं, कळलं नाही. हवामान दमट होतं.

रोविलिन वर्गात नव्हती. मॅडम म्हणाल्या, येत नाही हल्ली. एवढंच.

१७ नोव्हेंबर, शनिवार

मुखपृष्ठाच्या फोटोसाठी रोविलिनच्या आईची परवानगी घ्यायला वाडीत गेलो. विसिंगने बिस्किटांचा डबा दिला होता.

घर म्हणजे समुद्राकडे तोंड असलेली बांबूची खोली. आई खूश झाली, ओल्या हातांनी स्टूल पुसून दिलं. सर आले गं, म्हणून हाक मारली. रोविलिन ताट्यांवरून धावत आली, आणि मला पाहून एकदम हळू झाली. शाळेत का येत नाहीस विचारलं तर आईच बोलली: आता काय करायचंय सर शाळेत, वाचायला तर आलं! साहेबांसमोर वाचलंन माझ्या पोरीने. आणखी काय हवं असतं? इकडे मला हात लागतो.

झोळीत धाकटा होता. तापाने फणफणलेला. आईने आरोग्य केंद्रातून आणलेली बाटली काढली आणि अगदी सहज, रोजच्यासारखी, रोविलिनकडे दिली. म्हणाली, बघ गं परत, किती द्यायचं.

रोविलिनने बाटली उजेडात धरली. चिठ्ठीवरून बोट फिरवलं. माझ्याकडे एकदा पाहिलं. मग म्हणाली, तीन चमचे.

मी म्हटलं, बघू.

अर्धा चमचा लिहिलं होतं.

सकाळपासून दोनदा दिलं होतं त्याला. तीन-तीन चमचे.

पुढचा सगळा गोंधळ. मी त्याला उचलला, आई चप्पल न घालता पळत होती, ट्रायसिकल रिक्षा मिळाली. आरोग्य केंद्रातल्या नर्सने त्याला बघितलं, पाणी पाजायला सांगितलं, संध्याकाळपर्यंत थांबवून घेतलं. वाचेल, म्हणाली, पण आणखी एकदा दिलं असतं तर सांगता आलं नसतं. कोणी वाचून दिलं हे, असं तिने विचारलं. आई माझ्याकडे बघायला लागली. मी पाणी कुठे मिळेल ते विचारलं.

बाहेर बाकावर रोविलिन औषधाची बाटली आणि बिस्किटांचा डबा मांडीवर धरून माझ्याशेजारी बसली होती. लांबूनही ऐकू येईल इतके मोठे श्वास घेत होती, पण रडत नव्हती. आई दाराशी आली आणि माझ्यासमोर उभी राहिली. रागावली असती तर बरं झालं असतं. ती म्हणाली, सर, तिला येत नाही का?

म्हटलं, येईल. अजून थोडा वेळ.

ती म्हणाली, मग आत्ता शिकवा ना. तुम्ही तर मोठ्या कॉलेजात मास्तरांनासुद्धा शिकवता. इथे बसायचंच आहे आपल्याला. एवढं बाटलीवरचं तरी शिकवा.

मी बाटली हातात घेतली. पहिल्या अक्षरावर बोट ठेवलं. रोविलिन वाकली, सगळं लक्ष माझ्या बोटाकडे. केसांना खोबरेल आणि मासे असा वास. अक्षराचं नाव सांगितलं. तिने म्हटलं. पुढचं सांगितलं. तिने म्हटलं. मग ती दोन अक्षरं मिळून शब्द कसा होतो, ते तिच्या डोक्यात कसं शिरतं, आधी काय सांगायचं, नंतर काय, ती चुकली तर काय करायचं... मला आठवेना.

आठवेना हे खरं नाही. मला ते कधी माहीतच नव्हतं.

तिने माझ्या तोंडाकडे पाहिलं. मग तिनेच हळूच बाटली माझ्या हातातून काढून घेतली, झाकण घट्ट केलं आणि म्हणाली, सर, तुम्ही दमलात. बिस्किट खाणार?